कोकणातल्या नेटवर इर्सी वापरताना कीबोर्डचं टायमिंग कसं लावायचं

जुलैत एका रात्री दापोलीकडच्या एका मुलीचा फोन आला. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, एका ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये नुकतीच काम करायला लागलीये आणि त्या प्रोजेक्टचं सगळं बोलणं आयआरसी नावाच्या चॅटवर चालतं, त्यासाठी ती इर्सी हा प्रोग्रॅम वापरते. म्हणाली, "दादा, माझं इर्सी हँग झालंय, खाली कंट्रोल-के दाबा नाहीतर कंट्रोल-सी दाबा असं काहीतरी विचारतंय, आणि मी तर काहीच पेस्ट केलेलं नाहीये." बाहेर पाऊस धो धो, तिच्याकडे लाइट गेलेली, राउटर इन्व्हर्टरवर. तिने नमस्कार, मी अमुक, माझा प्रश्न असा असा, अशा पाच-सहा छोट्या ओळी हाताने टाइप करून प्रत्येकीला एंटर मारलेलं. स्क्रीनवर काहीच उमटेना म्हणून ती टाइप करतच राहिली, आणि मग एकदम सगळं आलं आणि सोबत तो प्रश्न आला.

हँग वगैरे काही झालेलं नव्हतं. इर्सीला खरंच वाटलं की कुणीतरी पाच-सहा ओळी पेस्ट केल्यात. तिला फोनवर जे सांगितलं ते इथे नीट लिहून ठेवतोय, कारण हाच प्रश्न गुहागर, देवगड, मालवण सगळीकडून येतो. मालवणचा एक मित्र तर म्हणालेला, "अरे, मी लिवलंय एकेक अक्षर आणि ता सगळा एकदम इला."

सुरू करण्याआधी एक गोष्ट. सगळी नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलीयेत, फोनवर सांगतो तशीच. तुम्ही टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरात करायचं, आणि आकडेसुद्धा इंग्रजी. मराठी लेआउट चालू राहिला आणि ५ असा आकडा गेला तर इर्सीला तो कळणार नाही. इर्सीचं स्पेलिंग आय-आर-एस-एस-आय, आणि टीमक्स म्हणजे टी-एम-यू-एक्स. सेटिंगच्या नावांचं स्पेलिंग पाठ करायची गरज नाही, ते इर्सीच कसं दाखवतं ते पुढे सांगतो.

ज्यांना अगदीच नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. आयआरसी म्हणजे फक्त मजकुरावर चालणारं चॅट, १९८८ च्या ऑगस्टमध्ये फिनलंडमधल्या ओउलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेनने सुरू केलेलं. इर्सी हा त्याचा टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, चालणारा प्रोग्रॅम, तोही फिनलंडचाच, टिमो सिराइनेनने लिहिलेला, १९९९ पासून आहे. आपल्याकडे तो आवडण्याचं कारण साधं आहे, नेट कितीही बारीक झालं तरी तो तग धरतो. बहुतेक जण तो घरच्या लॅपटॉपवर न चालवता कुठल्यातरी भाड्याच्या सर्व्हरवर टीमक्समध्ये (आपण नसतानाही आतला प्रोग्रॅम चालू ठेवणारा प्रोग्रॅम) चालू ठेवतात आणि घरून एसएसएचने (लांबच्या मशीनवर लॉगिन करायची सुरक्षित पद्धत) त्याला जोडतात, म्हणजे घरची लाइट गेली तरी चॅट तुटत नाही. आपली सगळी भानगड या घर ते सर्व्हर रस्त्यावरच होते.

हात आणि पेस्ट यातला फरक मशीनला कसा कळतो

मिनिटाला ६० शब्द टाइप करणारा माणूस चांगला फास्ट म्हणायचा. इंग्रजीत शब्दाला सरासरी पाच अक्षरं धरतात, म्हणजे मिनिटाला ३००, सेकंदाला ५, म्हणजे दोन कळींच्या मध्ये साधारण २०० मिलीसेकंद. सेकंदाचा पाचवा भाग. पेस्ट केलेलं मात्र एका झटक्यात येतं, अक्षरांच्या मध्ये अंतर जवळजवळ नसतंच. इर्सी याच अंतरावर लक्ष ठेवून असतो. त्याचा मूळ आकडा ५ मिलीसेकंद आहे, अक्षरं याच्याहून जवळजवळ आली की तो म्हणतो हे हाताने केलेलं नाही. आणि अशा गठ्ठ्यात पाच ओळींचा आकडा गाठला गेला की थांबून विचारतो, खरंच पाठवू का? कंट्रोल-के म्हणजे पाठव, कंट्रोल-सी म्हणजे रद्द.

हा हिशोब चुकीचा नाहीये, चांगला आहे. फक्त त्यात एक गोष्ट गृहीत धरलीये, की तुम्ही कळ दाबली त्याच अंतराने ती इर्सीपर्यंत पोचते. दाभोळच्या फेरीबोटीने कधी धोपाव्याला गेला असाल तर बघा, जेटीवर गाड्या एकेक करून येतात, कुणी दहा मिनिटं आधी, कुणी शेवटच्या क्षणाला, पण पलीकडे धोपाव्याला उतरताना सगळ्या एकामागोमाग एक लागून उतरतात. पलीकडच्या माणसाला वाटेल हा ताफा एकत्रच निघालेला. एसएसएचचंही तसंच होतं. नेटवरून डेटा छोट्या छोट्या पाकिटांतून जातो, मधलं एक पाकीट हरवलं तर त्याच्या मागून आलेली पाकिटं सर्व्हरवर पोचूनसुद्धा थांबवून ठेवली जातात, कारण क्रम बिघडून चालत नाही. हरवलेलं परत पाठवलं जातं, ते आलं की सगळं एकदम पुढे सोडलं जातं. तुम्ही अर्ध्या मिनिटात टाइप केलेलं इर्सीला एका क्षणात मिळतं.

त्यामुळे बरेच जण जो पहिला उपाय करतात, तो ५ चा आकडा कमी करून १ करायचा, त्याने इथे काहीच फरक पडत नाही. एका गठ्ठ्यात आलेल्या अक्षरांमध्ये अंतर उरलेलंच नसतं, त्यामुळे १ लावा नाहीतर ५.

आधी बघा अडकतंय कुठे

कळ दाबल्यापासून अक्षर चॅनेलमध्ये, म्हणजे आयआरसीवरच्या चॅटच्या खोलीत, दिसेपर्यंत ते कीबोर्ड, लॅपटॉप, एसएसएच, टीमक्स, इर्सी आणि शेवटी आयआरसीचा सर्व्हर एवढ्या घरांतून जातं, आणि प्रत्येक घराचं आपलं टायमिंग आहे. कुठे बिघडलंय ते न बघता पाच ठिकाणी पाच आकडे बदलून ठेवले तर नंतर काय कशामुळे झालं ते कुणालाच कळत नाही. एका वेळी एकच बदला.

पहिली तपासणी लॅपटॉपवरच. साधा टेक्स्ट एडिटर उघडा आणि दोन-तीन ओळी लिहा. इथेच अक्षर डबल येत असेल किंवा अडकत असेल तर नेटचा काही संबंध नाही, खाली खाऱ्या हवेवर लिहिलंय ते बघा.

दुसरी, पिंग. टर्मिनलमध्ये पिंग, मग वजा-सी, मग ५०, आणि पुढे तुमच्या सर्व्हरचं नाव. पन्नास वेळा जाऊन येईल आणि शेवटी दोन ओळी देईल. एकात किती टक्के पाकिटं हरवली ते असतं, दुसऱ्यात सगळ्यात कमी, सरासरी, सगळ्यात जास्त आणि चौथा एमडेव्ह, म्हणजे वेळ किती वरखाली होते तो, असे आकडे असतात. सगळे सरासरीकडे बघतात, तुम्ही एमडेव्हकडे बघा. सरासरी १५० असली आणि एमडेव्ह ५ असला तर नेट लांबचं आहे पण इमानी आहे, अक्षर थोडं उशिरा उमटेल पण एकसारखं उमटेल. सरासरी ६० आणि एमडेव्ह ९० असला तर मात्र अक्षरं गठ्ठ्यांनी जाणार. आणि एक टक्का जरी हरवत असली तरी टाइप करताना ते जाणवतं. हे दुपारी करा आणि रात्री नऊला परत करा, दोन्हीत खूप फरक दिसेल.

तिसरी, कळ जाते कशी ते बघा. सर्व्हरवर टीमक्सच्या बाहेर, कॅट वजा-व्ही चालवा आणि वरचा बाण दाबा. एकच कळ दाबली पण तीन चिन्हं दिसतील, टोपी आणि चौकोनी कंस मिळून एक एस्केप, मग आणखी एक चौकोनी कंस, मग मोठा ए. ऑल्ट धरून १ दाबा, एस्केप आणि १ दिसेल. म्हणजे ऑल्ट-१ ही टर्मिनलच्या दृष्टीने एक कळ नसून एस्केप आणि १ अशा दोन गोष्टी आहेत. हे लक्षात ठेवा, टीमक्सचं टायमिंग समजायला हेच लागणार आहे. कंट्रोल-सी दाबून बाहेर या.

आणि इर्सीच्या खालच्या पट्टीत कधीकधी लॅग म्हणून आकडा येतो, त्यावरून घरच्या नेटचा अंदाज करू नका. तो आकडा इर्सी चालतोय ते मशीन आणि आयआरसीचा सर्व्हर यांच्यातला आहे. तुमच्या घरून देवगडातून टाइप करताना दोन सेकंद लागत असतील आणि तिथे लॅग काहीच दिसणार नाही, दोन्ही एकाच वेळी खरं असतं.

आता इर्सीची सेटिंग

प्रयोग लोकांच्या चॅनेलमध्ये करायचे नाहीत. आपलं एक रिकामं चॅनेल उघडा, लिबेरा चॅट या आयआरसी नेटवर्कवर दोन हॅश आणि पुढे काहीतरी वेगळं नाव देऊन जॉइन केलंत की ते तुमचंच. तिथे हवं तेवढं पेस्ट करा.

आता टाइप करा

/सेट पेस्ट

एवढंच, आणि एंटर. ज्या ज्या सेटिंगच्या नावात पेस्ट आहे त्या सगळ्या आत्ताच्या आकड्यांसकट समोर येतील. स्पेलिंग इथूनच बघून घ्या. आपल्याला तीनच हव्यात. पेस्ट_डिटेक्ट_टाइम, म्हणजे अक्षरांमधलं ते अंतर. पेस्ट_व्हेरिफाय_लाइन_काउंट, म्हणजे किती ओळींना विचारायचं. आणि पेस्ट_यूज_ब्रॅकेटेड_मोड, ज्याच्यासाठी खरं तर हा सगळा प्रपंच.

ब्रॅकेटेड मोड म्हणजे काय ते सांगतो. आजकालचे बहुतेक टर्मिनल पेस्ट करताना मजकुराच्या आधी एक खूण आणि शेवटी एक खूण लावून देऊ शकतात, की इथून इथपर्यंत पेस्ट आहे. मग प्रोग्रॅमला घड्याळ बघून अंदाज करायची गरजच राहत नाही. फेरीबोटीच्या भाषेत सांगायचं तर ताफ्यातल्या पहिल्या आणि शेवटच्या गाडीला झेंडा लावलेला. इर्सीत हे मुळात बंद असतं, आपण चालू करायचं.

/सेट पेस्ट_यूज_ब्रॅकेटेड_मोड ऑन

आता कुठूनतरी सात-आठ ओळी कॉपी करून त्या रिकाम्या चॅनेलमध्ये पेस्ट करा. प्रश्न आला पाहिजे. कंट्रोल-सीने रद्द करा. आला तर पुढची पायरी, अंदाजाचं घड्याळ बंद करून बघायचं.

/सेट पेस्ट_डिटेक्ट_टाइम ०

परत त्याच ओळी पेस्ट करा. आताही प्रश्न आला तर तुमचं टर्मिनल खुणा नीट लावतंय, हेच ठेवा. आता नेट अडकून तुमच्या हाताने लिहिलेल्या ओळी गठ्ठ्याने आल्या तरी इर्सी त्यांना पेस्ट समजणार नाही. प्रश्न न येता ओळी सरळ चॅनेलमध्ये गेल्या तर मात्र खुणा मध्ये कुठेतरी गळतायत, मग घड्याळ परत पूर्वीसारखं करा.

/सेट वजा-डीफॉल्ट पेस्ट_डिटेक्ट_टाइम

या वजा-डीफॉल्टने कुठलीही सेटिंग मूळ आकड्यावर जाते, नवीन माणसासाठी यापेक्षा मोठा आधार नाही, काहीही बिघडलं तरी परतीची वाट आहे. हाताने आकडा द्यायचा असेल तर ५ ला चिकटून एम-एस-ई-सी-एस लिहायचं, मध्ये जागा न सोडता.

ज्यांना खुणांचा उपाय जमला नाही त्यांनी ओळींचा आकडा वाढवावा, ५ चा १० करावा.

/सेट पेस्ट_व्हेरिफाय_लाइन_काउंट १०

० करू नका. ० म्हणजे कधीच विचारू नको. बरेच जण वैतागून हेच सांगतात आणि मला ते अजिबात पटत नाही. तो प्रश्न तुमच्यापेक्षा चॅनेलमधल्या बाकीच्या लोकांसाठी आहे. एरर लॉगच्या दोनशे ओळी चुकून राइट क्लिकने चॅनेलमध्ये गेल्या की तिथलं चालू असलेलं बोलणं वाहून जातं, आणि तुमची ओळख तिथे तीच होते. इर्सी स्वतःसुद्धा पहिल्या पाच कमांड एकदम सोडतो आणि पुढच्या २.२ सेकंदांना एक अशा सोडतो, सर्व्हरने पूर आलाय समजून बाहेर काढू नये म्हणून. म्हणजे दोनशे ओळी एकदा सुटल्या की सात मिनिटांहून जास्त वेळ त्या ठिबकत राहतात.

आणि एक गोष्ट मी स्वतः भोगलीये. दोन पावसाळ्यांपूर्वी असंच नेट अडकलेलं, मी आंधळेपणाने तीन ओळी लिहिल्या, त्यातली एक स्लॅश एमएसजी करून निक सर्व्हिसला (आपलं नाव राखून ठेवणारी सेवा) पासवर्ड देणारी. पाचपेक्षा कमी ओळी, त्यामुळे काही विचारलं नाही, आणि पेस्ट मानलेल्या ओळी कमांड म्हणून चालत नाहीत, साधा मजकूर म्हणून जातात. स्लॅशसकट, पासवर्डसकट, सत्तर-ऐंशी माणसांच्या चॅनेलमध्ये. पासवर्ड लगेच बदलला, पण तेवढ्या दोन मिनिटांत हात थरथरत होते. म्हणून सांगतो, पासवर्ड हाताने टाइप करायचाच नाही. सॅसल लावा, जोडताना आपोआप ओळख पटते.

/नेटवर्क ॲड -सॅसल_यूजरनेम तुमचंनाव -सॅसल_पासवर्ड तुमचापासवर्ड -सॅसल_मेकॅनिझम प्लेन लिबेराचॅट

सॅसल म्हणजे एस-ए-एस-एल, प्लेन मोठ्या अक्षरात. हेही नेट शांत असताना करा, आणि टाइप करून झाल्यावर ओळ पूर्ण दिसली की मगच एंटर. पासवर्ड इर्सीच्या कॉन्फिग फाइलमध्ये उघडा राहतो, त्यामुळे होम फोल्डरमधल्या डॉट इर्सी फोल्डरमधल्या त्या फाइलला सीएचमॉड ६०० करून ठेवा, म्हणजे सर्व्हरवरच्या दुसऱ्या कुणाला वाचता येणार नाही.

शेवटी /सेव्ह. इर्सी नीट बंद केलं तर ते मुळात आपणहूनही सेव्ह करतं, पण सर्व्हर मध्येच बंद पडला तर बदल जाऊ शकतात, म्हणून लगेच करून टाका.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक भर. आयआरसीचा एक संदेश जास्तीत जास्त ५१२ बाइटचा, त्यात तुमचं नाव, चॅनेलचं नाव सगळं आलं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं आणि काना, वेलांटी, पाय मोडलेलं अक्षर सगळं वेगळं मोजलं जातं. रत्नागिरी हा शब्द घ्या. र, त, हलन्त, न, काना, ग, वेलांटी, र, वेलांटी, नऊ चिन्हं, २७ बाइट. म्हणजे एका संदेशात साधारण दीडशेच्या आतबाहेर चिन्हं बसतात. तुम्हाला एक वाटणारी मराठी ओळ त्यामुळे दोन-तीन संदेशांत तुटून जाऊ शकते. मराठीत लिहिताना छोट्या ओळी बऱ्या.

टीमक्सचं एस्केप टाइम

लक्षणं अशी असतात. वरचा बाण दाबला की मागचं वाक्य यायच्या ऐवजी लिहायच्या ओळीत चौकोनी कंस आणि ए उमटतं. किंवा ऑल्ट-२ दाबलं तर खिडकी न बदलता २ उमटतो.

मघाशी बघितलं की बाण म्हणजे तीन चिन्हं. टीमक्सला आधी एस्केप मिळतो, मग त्याला ठरवायचं असतं की माणसाने नुसतं एस्केप दाबलं की हा बाणाचा पहिला तुकडा आहे. तो थोडा वेळ वाट बघतो, त्या वाट बघण्यालाच एस्केप-टाइम म्हणतात. आधी ते ५०० मिलीसेकंद होतं, टीमक्स ३.५ पासून १० केलं. शहरातल्या फायबरवर १० छान आहे. आपल्याकडे त्या तीन चिन्हांचे तुकडे वाटेत वेगळे झाले आणि दुसरा तुकडा १० मिलीसेकंदांत आला नाही तर टीमक्स म्हणतो एस्केप एकटाच होता, आणि उरलेलं साधं अक्षर म्हणून पुढे ढकलतो. इंटरनेटवर जिथे बघाल तिथे एस्केप-टाइम शून्य करा असं सांगितलेलं असतं, ते एकाच मशीनवर बसून काम करणाऱ्यांसाठी ठीक आहे, आपण लांबून जोडतो. मी १०० ठेवतो.

आत्ता किती आहे ते बघायला

टीमक्स शो -एस एस्केप-टाइम

आणि बदलायला होम फोल्डरमधल्या डॉट टीमक्स डॉट कॉन्फ या फाइलमध्ये एक ओळ

सेट -एस एस्केप-टाइम १००

फाइल सेव्ह करून टीमक्स सोर्स-फाइल आणि पुढे फाइलचं नाव द्या, लगेच लागू होतं. दोन-तीन दिवस वापरा. तरीही कंस उमटत असतील तर २००. शंभराने काही जड वाटत नाही, कारण इर्सीत नुसतं एस्केप दाबायची वेळ फारशी येत नाही. त्याच टीमक्समध्ये विम हा टेक्स्ट एडिटर वापरत असाल तर तिथे मात्र एस्केपला हलकासा उशीर जाणवेल, तेवढं चालवून घ्या.

इर्सी स्वतः या बाबतीत घाई करत नाही, एस्केप दाबून सोडून द्या, मग सावकाश २ दाबा, खिडकी बदलते. ज्यांचा ऑल्ट चालत नाही किंवा जे मोबाइलवरून जोडतात त्यांनी सरळ हीच सवय लावावी. मराठी लेआउट चालू असताना ऑल्टबरोबरचा आकडा देवनागरी जाऊ शकतो, तोही एक घोटाळा, आधी लेआउट बघा.

टीमक्समध्ये आणखी एक बारीक गोष्ट आहे, अझ्यूम-पेस्ट-टाइम, मूळ आकडा १ मिलीसेकंद. कळा याच्यापेक्षा जवळ आल्या तर टीमक्सही त्याला पेस्ट समजतो आणि स्वतःच्या शॉर्टकटकडे दुर्लक्ष करतो. नेट अडकलेलं असताना तुम्ही काहीतरी लिहिलं आणि मग कंट्रोल-बी आणि २ दाबलं, तर गठ्ठा आल्यावर टीमक्सची खिडकी बदलतच नाही, इर्सीच्या ओळीत उलट्या रंगातला बी आणि त्यापुढे २ दिसतो. तो बी म्हणजे इर्सीसाठी ठळक अक्षराची खूण. हे वरचेवर होत असेल तरच सेट -जी अझ्यूम-पेस्ट-टाइम ० करा. टीमक्सऐवजी स्क्रीन हा तसाच दुसरा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांना यातलं एस्केपचं काम मॅपटाइमआउट या नावाने सापडेल, ते मुळात ३०० असतं, तसंच राहू द्या.

बॅकस्पेस धरून ठेवू नका

कळ दाबून धरली की थोड्या वेळाने ती आपोआप परत परत दाबली जाते, तो थोडा वेळ आणि तो वेग दोन्ही लॅपटॉपवर ठरतात. समजा सेकंदाला ३० असा वेग आहे. बॅकस्पेस धरला, स्क्रीनवर काही हलेना, एक सेकंदाने हलायला लागलं आणि हवं तिथे पोचल्यावर सोडला, तोपर्यंत तीस बॅकस्पेस वाटेत आहेत. ते येणार आणि चांगलं लिहिलेलं वाक्य खाऊन टाकणार. यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे कंट्रोल-डब्ल्यू, एकेक शब्द जातो, आणि कंट्रोल-यू, अख्खी ओळ जाते. एकदा दाबलं, एकदाच गेलं. चुकून खोडलं तर कंट्रोल-वायने परत येतं.

तरी वेग कमी करायचाच असेल तर लिनक्सवर एक्स-ऑर्ग (स्क्रीन आणि कीबोर्ड सांभाळणारी जुनी यंत्रणा) वापरणाऱ्यांनी टर्मिनलमध्ये एक्ससेट, मग आर, मग रेट, मग ५०० आणि १५ असं द्यावं. पहिला आकडा किती मिलीसेकंद धरल्यावर सुरू व्हायचं तो, दुसरा सेकंदाला किती वेळा तो. तिच्या जागी आलेल्या वेलँडवर हे चालत नाही, तिथे सेटिंग्जच्या कीबोर्ड किंवा ॲक्सेसिबिलिटीमध्ये पट्ट्या असतात.

खारी हवा आणि डबल अक्षरं

समुद्राच्या जवळ घर असेल तर हे होणारच. कळीच्या खालचे संपर्क दमट खाऱ्या हवेने खराब होतात, एकदा दाबलं तरी संपर्क दोनदा जुळतो आणि अक्षर दोनदा येतं. पावसाळ्यात जास्त. चॅटमध्ये हे झालं की लोकांना नेटच वाटतं, म्हणून मघाशी एडिटरमध्ये तपासायला सांगितलं.

लिनक्सच्या नोम डेस्कटॉपमध्ये सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, टायपिंग, तिथे बाउन्स कीज नावाचं बटण आहे. ते चालू केलं की तीच कळ अगदी लगेच परत आली तर दुसरी मोजली जात नाही. विंडोजवर फिल्टर कीज म्हणून शोधा. वेळ सगळ्यात कमी ठेवून सुरू करा आणि डबल अक्षर थांबेपर्यंतच वाढवा. कारण फोनेटिक पद्धतीने मराठी लिहिणाऱ्यांना आ साठी ए दोनदा दाबावा लागतो, वेळ जास्त झाली की दुसरा ए गिळला जातो आणि आजी लिहायला गेलात की अजी उमटतं. इन्स्क्रिप्टवाल्यांना हा त्रास कमी, तिथे आ ची कळच वेगळी. पण ही मलमपट्टी आहे हे लक्षात ठेवा. रात्री लॅपटॉप उघडा खिडकीपाशी ठेवू नका, आणि जमलं तर पावसाळ्यापुरता एक स्वस्त यूएसबी कीबोर्ड घ्या, खराब झाला तर बदलता येतो.

एसएसएच की मॉश

नेट वारंवार तुटत असेल तर एसएसएचऐवजी मॉश वापरून बघा, म्हणजे एम-ओ-एस-एच. दोन्हीकडे इन्स्टॉल असावं लागतं आणि सर्व्हरवर यूडीपीचे ६०००० ते ६१००० हे पोर्ट उघडे असावे लागतात. तुम्ही टाइप केलेलं तो सर्व्हरच्या उत्तराची वाट न बघता लगेच दाखवतो, अजून पोचलं नसेल तर अक्षराखाली रेघ असते. ती रेघ दिसत असेल तोपर्यंत एंटर मारू नका, एवढा एक नियम पाळला तरी दापोलीच्या मुलीसारखा प्रसंग येत नाही. रेल्वेने रत्नागिरीकडे जाताना करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात नेट जातं, बाहेर आल्यावर मॉश आपणहून परत जोडला जातो, एसएसएच असतं तर बरेचदा नव्याने लॉगिन करावं लागतं. मात्र अडकलेल्या कळा मॉशही एकदमच पाठवतो, त्यामुळे वरची इर्सीची सेटिंग लागतेच.

नवीन एसएसएचबद्दल एक शंका बरेच जण विचारतात. ओपनएसएसएच ९.५ पासून कळा ठरावीक २० मिलीसेकंदांच्या टप्प्याने पाठवल्या जातात, टाइप करण्याच्या लयीवरून कुणी पासवर्डचा अंदाज बांधू नये म्हणून. त्यामुळे गठ्ठे होतात का? आपल्या हाताच्या २०० मिलीसेकंदांपुढे २० म्हणजे काहीच नाही. ते बंद करू नका.

त्या मुलीने त्या रात्री ब्रॅकेटेड मोड ऑन केला, घड्याळ शून्यावर आणलं, एस्केप-टाइम १०० केलं. मग लाइट यायच्या आत आपल्या रिकाम्या चॅनेलमध्ये सहा ओळी हाताने लिहिल्या, नेट परत अडकलं, परत एकदम आलं, आणि सहाच्या सहा ओळी काही न विचारता गेल्या. नंतर कॉपी करून आठ ओळी पेस्ट केल्या, तेव्हा मात्र इर्सीने विचारलं. तेवढं बघून मग तिने /सेव्ह केलं.